बंद गिझर आणि बदनाम मिक्सर

नवरा अंगाला साबण लावून उभा होता आणि घरातले दिवे गेले, तिथून हे सुरू झालं. तारीख ३ जानेवारी २०२५, शुक्रवार, सकाळी पावणेसात. जिन्यातला दिवा चालू होता, समोरच्यांकडे टीव्ही चालू होता, म्हणजे लाइट गेली ती फक्त आमची. डीबी, म्हणजे खटक्यांचा मुख्य डबा, उघडून पाहिला तर आरसीसीबीचा, म्हणजे वीज गळली की पडणारा, खटका खाली. वर केला, राहिला. नवऱ्याने उरलेली आंघोळ गार पाण्याने केली, मी डबे भरले आणि दोघंही कामावर गेलो. विषय संपला असं वाटलं.

आमचं घर परळला, जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. २०२२ मध्ये रंग काढला तेव्हा फ्यूजचा जुना बोर्ड काढून नवा डीबी बसवला होता. वायरमन त्या खटक्याला ईएलसीबी म्हणतात, त्यावर लिहिलेलं असतं आरसीसीबी. मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मी बँकेत काउंटरला असते, विजेतलं मला बल्ब बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं. गिझर २०२० च्या दिवाळीत घेतलेला, १५ लिटरचा, २ किलोवॅटचा. बाथरूमच्या माळ्याखाली टांगलेला. त्याचा सॉकेट इतका वर की प्लगला हात लावायचा तर स्टूल लागतं. ही स्टुलाची गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

रविवारी, ५ तारखेला, पुन्हा तेच झालं. या वेळी मी लक्ष ठेवलं होतं. गिझर लावल्यावर बरोबर नऊ-दहा मिनिटांनी खटका पडला. खटका वर केला, गिझर लावला, पुन्हा सात-आठ मिनिटं गेली आणि पुन्हा पडला. गिझर न लावता दिवसभर काहीच नाही. चोर सापडला म्हणून मी खूश होते.

सोमवारी रात्री आठला नाक्यावरचे इलेक्ट्रिशियन आले. त्यांनी सॉकेटमध्ये टेस्टर घातला, गिझर लावला, खटका पडल्यावर मान डोलवली आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा ईएलसीबी वीक झालाय. बायपास करून देतो, एमसीबी आहे ना वर." ३०० रुपये व्हिजिटचे झालेच होते, बायपासचे ते वेगळे घेणार नव्हते. खरं सांगते, दोन मिनिटं मोह झाला. सकाळी सव्वासातला निघायचं असतं, सासूबाईंना गार पाणी चालत नाही, आणि समोर माणूस पक्कड घेऊन उभा. पण ज्या वस्तूसाठी दोन वर्षांपूर्वी पैसे मोजले ती काढून टाकायची, हे काही पचेना. "उद्या सांगते," म्हणून त्यांना वाटेला लावलं.

त्या रात्री बसून वाचलं, आणि मग जे कळलं ते माझ्या भाषेत असं. एमसीबी पाहते ती फक्त करंट किती ओढला जातोय ते. वायर तापेल इतका ओढला किंवा शॉर्ट झालं की ती पडते. आरसीसीबीचा धंदा वेगळा. फेजमधून जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती पाहते. आम्ही दिवसअखेर कॅश टॅली करतो, तसंच. आमच्या खटक्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलंय, म्हणजे तेवढी तूट आली की दुकान बंद. प्रत्यक्षात १५ च्या पुढे केव्हाही पडू शकते. गिझर एकटा जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, त्यापुढे हे किती बारीक ते बघा. तूट म्हणजे करंट दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने जमिनीत जातोय. गिझरच्या बाबतीत ती वाट म्हणजे त्याची लोखंडी बॉडी आणि अर्थिंगची वायर. आणि अर्थिंग ढिलं असेल तर शॉवरखाली उभा असलेला माणूस. हे वाचल्यावर बायपासचा विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.

मंगळवारी, ७ तारखेला, कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. १ दाबा, ३ दाबा, बावीस मिनिटांनी माणूस. टाकीची वॉरंटी ७ वर्षं, एलिमेंटची २, त्यामुळे एलिमेंटचं काही झालं असेल तर खर्च आमचा. व्हिजिट चार्ज ४५० अधिक जीएसटी. गुरुवारी १० ते २ ची वेळ मिळाली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कोणी आलं नाही. पावणेपाचला एसएमएस आला, 'ग्राहक घरी उपलब्ध नव्हते.' सासूबाई दाराशी खुर्ची टाकून गवार निवडत बसल्या होत्या, त्यांना मी तो एसएमएस वाचून दाखवला. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण निवडलेली शेंग जरा जोरातच मोडली.

इथे एक सांगून ठेवते. तक्रार नोंदवली की येणारा नंबर, प्रत्येक फोनची तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव एका वहीत लिहा. मी गॅस सिलिंडरच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत होते. नंतर फार कामी आलं.

शुक्रवारी, १० तारखेला, तंत्रज्ञ आले. माणूस हाताने कुशल होता. मेन बंद केला, प्लग काढला, गिझरच्या इनलेटचा कॉक बंद करून टाकी रिकामी केली, खालचं झाकण उघडून कॉइल बाहेर काढली. एलिमेंटला सगळे कॉइलच म्हणतात. तिच्यावर पांढरा खडूसारखा थर, बोटाच्या पेराएवढा. मुंबईच्या तलावांचं पाणी तसं मऊ, पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या टाकीचं काम निघालं तेव्हा दीड-दोन महिने टँकरवर होतो. ते पाणी कुठलं होतं कुणास ठाऊक, डाळसुद्धा शिजत नव्हती. त्यांनी थर खरवडला, कॉइल धुतली आणि गॅलरीत उन्हात ठेवली. मग चहा झाला. तासाभराने सीरिज लॅम्प, म्हणजे वीज गळत असेल तर पेटणारा तपासणीचा दिवा, लावून पाहिला, बॉडीला लीकेज नाही. नवं गास्केट घालून बसवली. पंधरा मिनिटं गिझर लावून दाखवला, खटका जागचा हलला नाही. व्हिजिट ४५०, सफाई ४००, गास्केट १२०, वर १८ टक्के जीएसटी, मिळून ११४५ रुपये. छापील बिल दिलं. ते मी फ्रिजवर चुंबकाखाली लावलं.

शनिवार बरा गेला. रविवारही. सोमवारी, १३ जानेवारीला, भोगी.

पहाटे साडेपाचपासून आंघोळी झाल्या, गिझर गुणी बाळासारखा चालला. मी रजा घेतली होती. अकराच्या सुमाराला तिळाचं आणि दाण्याचं कूट करायला मिक्सर लावला आणि घर थंड. खटका खाली. वर केला, मिक्सर लावला, पुन्हा खाली. गिझर तेव्हा बंद होता, स्विच बंद केलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. म्हणजे आता मिक्सर गेला. सासूबाईंनी खलबत्ता काढला आणि कूट त्यात केलं, आणि दर चार घावांमागे एकदा, "आमच्या बंबाला कधी ट्रिप म्हणून ठाऊक नव्हतं," हे मला ऐकवलं.

संध्याकाळी नवरा आला, हातपाय धुवायला गिझर लावला आणि खटका त्याच क्षणी पडला. दहा मिनिटं वगैरे काही नाही, स्विच दाबताक्षणी. म्हणजे गिझरचं जुनं दुखणं परत आलं आणि शिवाय मिक्सरचं नवं. नवऱ्याने गिझरच्या स्विचवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनने 'लावू नये' असं लिहिलं. गिझरचा बंदोबस्त झाला असं आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. काळी साडी काढली, इस्त्री लावली, दोन मिनिटांत खटका खाली. आता इस्त्रीही! दोन दिवसांत तीन उपकरणं बिघडतात, ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. खटकली नाही. मी बुधवारी बँकेतून येताना मिक्सर दुरुस्तीला टाकला. दुकानदाराने उघडला, ब्रश साफ केले, बॉडीला लीकेज तपासलं आणि म्हणाला, "ताई, याला काही नाही झालेलं. तुमच्या घरात काहीतरी आहे." शंभर रुपये घेतले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत वसूल झालेले शंभर रुपये हेच.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. गिरणीत इलेक्ट्रिशियन होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, मग आयुष्यभर लोकांच्या घरची वायरिंगं केली, आता गुडघ्यांमुळे जिना फारसा उतरत नाहीत. गुरुवारी, १६ तारखेला, मी तिळगूळ घेऊन वर गेले आणि बोलता बोलता गाऱ्हाणं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"गिझरचा प्लग काढलायस की नुसता स्विच बंद केलायस?"

"स्विच बंद केलाय काका. वर चिकटपट्टीसुद्धा लावलीय."

"मग अर्धाच बंद केलायस, सूनबाई."

रात्री नऊला काका कठडा धरून एकेक पायरी उतरत खाली आले. पाठीमागे त्यांचा नातू, त्याच्या हातात एक मल्टिमीटर आणि चामड्याच्या पेटीतला हँडलवाला मेगर, वीजगळती तपासायचं यंत्र. आधी त्यांनी घरातला प्रत्येक प्लग काढायला लावला. फ्रिज, टीव्ही, वायफायचा डबा, फिल्टर, वॉशिंग मशीन. स्विच बंद करून चालणार नाही, प्लग बाहेर. गिझरचा प्लग मी स्टुलावर चढून काढला. गिझर बसवल्यापासून, तंत्रज्ञ सोडले तर त्याला कोणी हात लावला नव्हता. प्लगच्या एका पिनेवर काळा डाग होता. मग खटका वर केला आणि एकेक वस्तू लावत गेलो. फ्रिज, ठीक. मिक्सर, ठीक. इस्त्री, ठीक. सगळं एकदम लावलं, ठीक. मग गिझरचा प्लग सॉकेटमध्ये घातला, स्विच बंदच ठेवला, आणि इस्त्री लावली. खटका पडला.

मी स्टुलावर उभी होते, ते बरं झालं. खाली असते तर बसले असते.

काकांनी मग समजावलं. आपल्या घरातला साधा स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. गिझरच्या कॉइलला आत कुठेतरी छिद्र असेल तर न्यूट्रल त्या छिद्रातून, बॉडीतून, थेट अर्थिंगला भिडलेली असते, स्विच चालू असो की बंद. घरात दुसरं काही मोठं लावलं की न्यूट्रलवर एक-दोन व्होल्ट चढतात आणि इस्त्रीचा परतीचा करंट थोडा न्यूट्रलने आणि थोडा गिझरच्या वाटेने अर्थमध्ये जातो. मला ते लगेच कळलं. मिक्सरने आणि इस्त्रीने पैसे पूर्ण परत केले होते, वाटेत गिझरच्या खिशाला भोक होतं. टॅली चुकली ती त्यांच्या नावावर.

त्यांनी हे नुसतं सांगितलं नाही, मोजूनही दाखवलं. गिझरचा प्लग बाहेर ठेवून हॉलच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर लावला. घरात काही चालू नसताना ०.६ व्होल्ट, इस्त्री लावल्यावर २.३. मग गिझरचा मोकळा प्लग हातात घेऊन त्याच्या पिनांवर मोजलं. हे मोजताना प्लग सॉकेटच्या बाहेर असतो, विजेचा संबंध नसतो आणि झाकणही उघडावं लागत नाही, म्हणून आवर्जून लिहिते. मीटर ओहमवर ठेवायचा, गिझर गार असला पाहिजे, म्हणजे थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा भाग) जोडलेला असतो.

फेजची पिन ते न्यूट्रलची पिन: २७ ओहम. दोन किलोवॅटच्या कॉइलला एवढाच यायला हवा. २३० चा वर्ग भागिले २७, जवळपास २००० वॅट. म्हणजे कॉइल तुटलेली नाही, पाणी तापवेल.

न्यूट्रल ते अर्थची मोठी पिन: ७१ ओहम. इथे मीटरने काहीच दाखवायला नको होतं.

फेज ते अर्थ: ९४ ओहम.

काका चष्मा वर करून हसले. "९४ वजा ७१, २३. अख्खी कॉइल २७ ची. म्हणजे भोक न्यूट्रलच्या टोकाला आहे, बोल्टपासून चार बोटांवर. बघ तू." पाठीवर दप्तर टाकून आलेला त्यांचा नातू आणि मी, दोघंही आ वासून बघत होतो. २.३ भागिले ७१ केलं तर ३२ मिलिअँपिअर येतात, हे मी नंतर कॅल्क्युलेटरवर काढलं. खटक्याची मर्यादा ३०. बिचारा खटका पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

मेगर काढला खरा, पण काका म्हणाले, "इतकं गेलेलं असताना याची गरज नाही." मेगर ५०० व्होल्ट देऊन तपासतो. साध्या मल्टिमीटरच्या बॅटरीला जे बारीक लीकेज दिसत नाही ते त्याला दिसतं. ३ जानेवारीला कोणी मेगर लावला असता तर तेव्हाच कळलं असतं.

मग कंपनीच्या माणसाला का सापडलं नाही? कॉइलच्या आत मधोमध तार असते, बाहेर तांब्याची नळी, आणि दोहोंमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली. कोरडी असेल तोवर ती पूड वीज अडवते. नळीला केसाएवढी चीर गेली की पूड पाणी पिते. तासभर उन्हात ठेवली की पुन्हा कोरडी. "पापड वाळवल्यासारखी वाळवली त्याने, मग सीरिज लॅम्प काय दाखवणार?" गिझर तापला की पूड थोडी सुकते, गार झाला की चिरेतून पुन्हा पाणी ओढून घेते. भोगीच्या पहाटे गिझर चालला आणि अकरा वाजता मिक्सर पडला, त्याचा उलगडा हा असा झाला.

प्लग काढून ठेवल्यावर घर शांत झालं. मिक्सर, इस्त्री, सगळं चालू. पाणी मात्र गॅसवर. पुढचे बारा दिवस सकाळी पाचला मोठं पातेलं चढायचं आणि मग ते बाथरूमपर्यंत न्यायची कसरत. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर उकळतं पाणी उचलून नेऊ नका, बादलीत आधी गार घालून ठेवा आणि छोट्या भांड्याने ओता. माझा मनगटाशी भाजलेला डाग अजून गेला नाही.

शुक्रवारी, १७ तारखेला, फ्रिजवरचं बिल काढलं आणि पहिल्यांदाच मागची बाजू वाचली. बारीक अक्षरांत होतं, काम झाल्यापासून ३० दिवसांत तीच तक्रार आली तर व्हिजिट चार्ज आणि मजुरी लागणार नाही. कस्टमर केअरच्या मुलीने नवी तक्रार, नवा चार्ज असं सांगितलं. मी तिला बिलाचा नंबर, तारीख आणि ती ओळ वाचून दाखवली. तिने होल्डवर टाकलं. गाणं दोनदा पूर्ण वाजलं. मग सुपरवायझर आले, त्यांनाही तेच वाचून दाखवलं, आवाज न चढवता. काउंटरच्या या बाजूला मी रोज बसते, आवाज चढवणाऱ्याचं काम कसं होतं ते मला ठाऊक आहे. जुनीच तक्रार पुन्हा उघडली गेली. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर वहीत लिहून ठेवला होता, पण त्याची वेळ आली नाही.

सोमवारी, २० तारखेला, दुसरे तंत्रज्ञ आले. विशीतला मुलगा. मी त्याला काकांनी लिहिलेला कागद दाखवला, तीन आकडे. त्याने स्वतःच्या मीटरने पुन्हा मोजलं, तेच आले, आणि लगेच म्हणाला, "कॉइल गेलीय मॅडम, बदलावी लागेल." पार्ट ऑर्डर करायचा, पाच ते सात दिवस. जाताना त्याने मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. तो ओटीपी तक्रार बंद करायचा होता. मी म्हटलं, "कॉइल बसली की देते." तो ओशाळला, म्हणाला, वरून टार्गेट असतं. त्याच्यावर राग नाही, पण ओटीपी दिला असता तर मला पुन्हा बावीस मिनिटं गाणं ऐकावं लागलं असतं.

मधल्या वेळात काकांच्या सांगण्यावरून डीपी स्विच बसवून घ्यायचं ठरलं. डीपी म्हणजे डबल पोल, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडतो. नव्या इमारतींत गिझरला तोच दिसतो, आमच्याकडे नव्हता. २० अँपिअरचा, छोटा लाल दिवा असलेला. शनिवारी, २५ तारखेला, मी दुसऱ्या कामाला फोर्टात गेले होते, तिथून चालत लोहार चाळीत गेले. जायची तशी गरज नव्हती, परळलाही मिळाला असता, पण त्या गल्लीत एकदा शिरलं की वायरची बंडलं आणि होल्डरच्या माळा बघण्यात तास जातो. स्विच प्लेटसकट २६० रुपये. परवानाधारक वायरमनने तो हाताला येईल इतक्या खाली, पण बाथरूमच्या बाहेर बसवून दिला, ३५० घेतले. स्टुलाची गरज संपली. काळ्या डागाचा जुना प्लगही त्यानेच बदलला, वेगळे पैसे न घेता. पिन ढिली असली की ठिणग्या उडून अशी काळी पडते.

मंगळवारी, २८ तारखेला, कॉइल आली. जुनी काढल्यावर मी ती वर्तमानपत्रावर ठेवून टॉर्चने पाहिली. बोल्टपासून चार बोटांवर, नळीच्या वळणाच्या अलीकडे, मोहरीएवढा काळा ठिपका आणि त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. काकांची चार बोटं आणि माझी चार बोटं यांत फरक आहे, तेवढाच काय तो आकडा चुकला. त्या मुलाने आणखी एक गोष्ट दाखवली, मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड. टाकीऐवजी तो गंजावा म्हणून आत ठेवलेला असतो. आमच्या रॉडची नुसती तार उरली होती. वर्ष-दोन वर्षांनी तो बघायचा असतो, हे आम्हाला चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही पुस्तिका वाचली नव्हती. कॉइल १४५०, रॉड ४२०, गास्केट १२०, जीएसटी धरून २३४८. मजुरी शून्य. आधी टाकी पूर्ण भरली, गरम पाण्याच्या नळातून सलग धार आली, मगच स्विच लावला. रिकाम्या टाकीत कॉइल लावली तर नवीसुद्धा जळते. नव्या कॉइलचे आकडे मी स्वतः मोजले. फेज-न्यूट्रल २६, बाकी दोन्हीकडे मीटर गप्प. मग ओटीपी दिला.

सगळं धरून साडेचार हजार गेले. त्यातले पंधराशे आमच्या अज्ञानाचे. सासूबाईंचा हिशेब वेगळा आहे, त्या सव्वीस दिवसांचा गॅसही धरतात, मी त्यांना बाराच दिवस होते हे पटवायचा नाद सोडलाय.

काकांनी पैसे घेतले नाहीत. आता दर महिन्याच्या एक तारखेला आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाबायचं आणि खटका पडतो का बघायचं, एवढं काम त्यांनी माझ्याकडे लावून दिलं. १ फेब्रुवारीला दाबलं. पडला. घरातले टीव्ही बघत होते, त्यांची बोलणी मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्याकडे हळदीकुंकू होतं. दरवर्षी प्लास्टिकचे डबे नाहीतर गाळण्या लुटतो. या वर्षी मी लोहार चाळीतून येताना पंचवीस टेस्टर आणले होते, तीस रुपयाला एक. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सवाष्णींच्या ओटीत स्क्रू ड्रायव्हर घालतेस?" काकाही कुरकुरले, की टेस्टरने लीकेज कळत नाही, उगाच लोकांना वाटायचं कळतं. तरी मी वाटले, आणि प्रत्येकीला सांगितलं की सॉकेटच्या फेजच्या भोकात दिवा लागला पाहिजे, न्यूट्रलच्या नाही, पाय कोरडे, चप्पल घालून, आणि काही वेगळं दिसलं तर स्वतः उघडायला जाऊ नका. बायका हसल्या. काळ्या साडीवर हातात टेस्टर घेऊन फोटोही काढले.

रात्री साडेनऊला चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. "अहो, आमच्या बाथरूमच्या सॉकेटमध्ये दोन्ही भोकांत लाइट लागतोय. हे बरोबर आहे का?"

मी त्यांना मेन बंद करायला सांगितलं आणि काकांच्या दारावर थाप मारली. काकांना एकच मजला चढायचा होता, तरी त्यांनी मेगरची पेटी माझ्या हातात दिली.